भोंगाआत्याची तीन स्टेशनं

आमच्या गावात परक्या माणसाला फसवायला कुणी लागत नाही. स्टेशनं पुरतात.

तो टॅक्सीत बसतो आणि ऐटीत म्हणतो, "नव्या स्टेशनवर घ्या." टॅक्सीवाला त्याला नव्या स्टेशनवर नेऊन सोडतो. गंजलेले लोखंडी खांब, एका अंगाला कललेलं छप्पर, छपरात कबुतरांची चाळ. पाहुणा खवळतो. "अहो, नवं म्हटलं मी! नवं!" टॅक्सीवाला मानसुद्धा वळवत नाही. "हेच नवं साहेब. माझ्या पणजोबांपासून नवंच आहे." पाहुण्याला वाटतं, हा आपल्याला गंडवतोय. तो हट्टानं दुसऱ्या स्टेशनवर जातो. तिथं सरकता जिना, काचेच्या भिंती, तोंड दिसेल अशी फरशी. तो खूश होतो आणि मग दगडी कमानीवर कोरलेलं साल वाचतो. तोवर त्याची गाडी नव्या स्टेशनवरून निघून गेलेली असते.

झालं असं की जुनं स्टेशन पाडून नव्यानं बांधलं, कमान आणि घड्याळ तेवढं ठेवलं, आणि नवं स्टेशन तसंच जुनं होऊ दिलं. नावं बदलावीत हे कुणाच्या डोक्यात आलं नाही. आलं असतं तरी कुणी ऐकलं नसतं. तिसरा आहे गिरणी थांबा. गिरणी केव्हाच गेली, तिच्या जागी आता मैदान आहे, पण थांबा आहे आणि गाडीही थांबते. गिरणी कुठंय असं विचारत तिथं उतरणारेही निघतात अधूनमधून.

अशा गोंधळलेल्या माणसाच्या डोक्यावर, बरोब्बर तो घामाघूम झाला की, एक बाई बोलते:

"ऐका हं. ज्यांना नव्या स्टेशनवर जायचं होतं आणि जे जुन्या स्टेशनवर उभे आहेत, त्यांनी घाबरून जाऊ नये. जोडगाडी येत आहे. तिला तिकीट लागत नाही. चूक तुमची नाही."

ती आमची आत्या.

बाबांची ही थोरली बहीण. रेल्वेतली माणसं तिला ताई म्हणतात, गावातली मुलं भोंगाआत्या म्हणतात, आणि तिला दोन्ही आवडतं. आजी सांगते, ही जन्मल्यावर जी रडली, त्यानं दाई दचकून मागे सरकली होती. यात आजीचं किती आणि दाईचं किती, ते सोडून द्या. पण आजोबा गिरणी थांब्यावर सांधेवाले होते, म्हणजे गाडीनं कुठल्या रुळावर जायचं ते खटका ओढून ठरवायचे, आणि घर रुळांच्या अलीकडे, खटका पलीकडे. मध्ये मालगाडी धडधडत असली तरी आत्यानं दारातून "बाबाऽऽ, जेवायला!" म्हटलं की आजोबांना ऐकू जायचं. पुढच्या फाटकावरच्या माणसालाही जायचं. तोही मग डबा सोडून बसायचा.

दोन मोठी स्टेशनं का, याची गोष्ट आजोबांकडूनच आमच्या घरात आली. एका कंपनीनं डोंगरातून लाकूड आणायला रूळ टाकले आणि जुनं स्टेशन बांधलं. दुसरीनं खाडीकडून मीठ आणायला रूळ टाकले. पहिली म्हणाली, आमच्या स्टेशनात तुमचं मीठ नको. दुसरी म्हणाली, तुमच्या स्टेशनात पाय ठेवायला आम्हाला वेळ नाही. आणि तिनं गावाच्या दुसऱ्या टोकाला नवं बांधलं. दोन जावांनी दोन चुली मांडाव्यात तसं. मग वर्षानुवर्षं डोंगराकडून खाडीकडे जाणारा माणूस एकीकडे उतरायचा, डोक्यावर ट्रंक घेऊन अख्खं गाव तुडवायचा आणि दुसरीकडे चढायचा. वाटेत भूक लागायची म्हणून खाणावळी निघाल्या, ट्रंका फुटायच्या म्हणून लोहार बसले, गाड्या चुकायच्या म्हणून धर्मशाळा उभी राहिली. आमचं गाव वाढलं ते या भांडणावर. आजोबा म्हणायचे, "समजूतदार कंपन्या असत्या ना, तर इथं नुसता सिग्नल असता."

पुढे दोन्ही कंपन्या गेल्या आणि कुणीतरी शहाण्यानं दोन स्टेशनांमध्ये एकच रूळ टाकला. त्याच्यावर जोडगाडी धावते. तीन डब्यांची, तोंडावर पिवळा पट्टा असलेली. दिवसभर इकडून तिकडे, तिकडून इकडे. मध्ये थांब्यावर श्वास घेते. तिला तिकीट नाही, कारण पहिल्या दिवसापासून तिच्यात चुकलेलीच माणसं बसतात, आणि चुकलेल्या माणसाकडून पैसे घेऊ नयेत असं तेव्हाच ठरलं होतं.

आत्या प्रथम लागली ती नव्या स्टेशनच्या बायकांच्या प्रतीक्षालयात. पाणी भरायचं, न्हाणीघराची किल्ली सांभाळायची, सामानावर डोळा ठेवायचा. ती एक काम वरकड करायची. झोपलेल्या बायकांना त्यांच्या त्यांच्या गाडीला उठवायचं. "डोंगरवाल्या, उठा, जोडगाडी आली. खाडीवाल्या, तुम्ही नाही, तुम्ही झोपा. ओ मावशी, तुम्ही कुठल्या? माहीत नाही? मग बसा, चहा घ्या, आठवेल." बायका मुद्दाम लवकर येऊन तिथं झोपायच्या म्हणे. घरी एवढी निवांत झोप कुणाला मिळते?

एका दिवशी उद्घोषकांचा घसा बसला. अगदी बसलाच, नुसती हवा यायची. त्यात जुन्या स्टेशनवर डोंगराकडची गाडी नेहमीच्या फलाटाऐवजी पलीकडच्या फलाटावर येत होती आणि सगळी गर्दी अलीकडे. तेव्हाच्या स्टेशनमास्तरांना जाड मिशी होती आणि ते प्रत्येक वाक्य मिशीतून गाळून बोलायचे. त्यांनी आत्याला दंडाला धरून भोंग्याच्या खोलीत ढकललं. तिन्ही स्टेशनांचे भोंगे तिथूनच चालतात. "बाई, बोला."

"काय बोलू?"

"गाडी पलीकडे येतेय म्हणून बोला! प्रतीक्षालयात ओरडता ना? तसंच."

आत्यानं बटण दाबलं. समोर लाल दिवा लागला आणि डोक्यातलं सगळं पुसलं गेलं. कसं सुरू करायचं ते आठवेना. मग घरोघरी बायका जसं सुरू करतात, तसं तिनं सुरू केलं.

"अहो, ऐका नाऽऽ!"

तिन्ही स्टेशनांवरचे पुरुष एकदम मागे वळले.

आमचा चहावाला अजून ही गोष्ट सांगतो. बोलायला लागला की किटलीसारखा उकळतो, झाकण धरून ठेवावं लागतं. "वळले म्हणजे काय, पार टाचेवर वळले! पेपर वाचणारे वळले, बूट पुसून घेणारे वळले, एक जण तर न्हाव्याच्या खुर्चीतून वळला, त्याचा गाल कापता कापता वाचला. मी वळलो! माझं तर लग्नसुद्धा झालं नव्हतं!"

सगळे वळले, सगळ्यांनी ऐकलं, सगळे पलीकडच्या फलाटावर गेले. गाडीत कुणी चढायचं राहिलं नाही. मिशीवाले मास्तर आत्यावर बरसले, "बाई, हे स्टेशन आहे, तुमचं स्वयंपाकघर नाही!"

"पण लोकांनी ऐकलं ना?"

मास्तरांनी मिशीवरून हात फिरवला. मग पुन्हा फिरवला. पुढच्या आठवड्यापासून आत्या भोंग्याच्या खोलीत. 'कृपया लक्ष द्या' म्हणायचं असं मास्तरांनी बजावलं. आत्या म्हणाली, "शाळेत सगळे मास्तर लक्ष द्या म्हणायचे. दिलं कुणी?" दोघांनी आपापलं थोडं थोडं सोडलं आणि 'ऐका हं' वर मिटलं. आज आमच्या गावात दुकानदार भाव सांगण्याआधी 'ऐका हं' म्हणतो आणि डॉक्टर सुई टोचण्याआधी.

हां, त्या दिवशी वळलेल्यांपैकी एक जण परत फिरलाच नाही. तो जोडगाडीवर नुकता लागलेला तरुण ड्रायव्हर होता. तेच आमचे काका, आत्याचे यजमान. ते अजून म्हणतात, "मी वळलो तो वळलोच." एवढंच म्हणतात. काकांचं बोलणं जोडगाडीसारखं असतं, तीनच डबे.

लग्नानंतर एक भानगड झाली. काका गाडी चालवणार, आणि काकांची गाडी कुठं आहे हे आत्या अख्ख्या गावाला सांगणार. काका स्वभावानं सावकाश. थांब्यावर कुणी म्हातारं लांबून येताना दिसलं की थांबतात, ओळखीचं दिसलं की थांबतात. मग भोंग्यातून यायचं, "जोडगाडी उशिराने धावत आहे." नियमाचं वाक्य, नियमाचे शब्द. पण सूर! 'उशिराने' हा शब्द नुसता सरळ आला, तर घरात सगळं ठीक. 'उशिराऽने' असा लांबला, तर काका सकाळी काहीतरी विसरले होते. आणि 'उशिराने' म्हणून मध्ये एक श्वास थांबून मग 'धावत आहे' आलं, तर जुन्या स्टेशनचा हमालदादा मान हलवायचा. "आज डबा थंड." लोक जोडगाडीतून उतरताना काकांच्या खिडकीशी थांबून सांगायचे, "फुलं घेऊन जा हो घरी."

तिची खोली नव्या स्टेशनच्या पुलावर आहे. दोन्ही बाजूंनी काच, आणि जुनं स्टेशन आणि थांबा दिसावा म्हणून समोर कॅमेऱ्याचे दोन पडदे. ती कागद समोर ठेवते पण वाचत नाही. ती माणसांकडे बघते. आणि बघूनच बोलते. "पुलावरच्या काकू, धावू नका, गार्डनं तुम्हाला बघितलंय." "निळ्या सदऱ्याचे दादा, पिशवी बाकावर राहिली. हो, तुम्हीच." "लाल फ्रॉकवाली छोटी चहाच्या गाड्याजवळ आहे, रडत नाहीये, बिस्किट खातेय. आईनं सावकाश यावं."

ती आणि काका आमच्याच घरात राहतात, तिथंही तेच. सकाळी उशीत तोंड खुपसलेलं असतं आणि दारातून येतं, "ऐका हं. ज्यांनी ओला टॉवेल गादीवर टाकला आहे, त्यांनी तो उचलावा. चूक त्यांचीच आहे."

मग गेल्या वर्षी बातमी आली. मुख्य कार्यालयानं ठरवलं की सगळ्या स्टेशनांवर आवाज आधीच भरून ठेवायचा. गाडीचं नाव, फलाट, वेळ, यंत्र आपोआप जुळवून बोलेल. मोठ्या शहरात हे कधीचंच झालंय, तिथं एक बाई बोलते. आत्यानं तिला एकदा प्रवासात ऐकलं होतं आणि तिचं नाव गुळाची बाई ठेवलं होतं. आता तीच आमच्याकडेही बोलणार होती.

आत्याची नोकरी जाणार नव्हती. चुकलेली मुलं, राहिलेल्या पिशव्या, पुलावरच्या काकू, हे तिच्याकडेच राहणार होतं. बाबांनी तेच समजावलं. "ताई, उलट बरं ना. रोजची तीच तीच टकळी गेली. घशाला आराम."

आत्या भाजी निवडत होती. ती थांबली. "अरे, गाडी येतेय हे आपल्या माणसाला कुणी सांगायचं? पाहुण्यानं?"

बाबांनी एक जुडी उचलली आणि निवडायला घेतली.

"गोड आहे ती. मी नाही म्हणत नाही. पण तिला कुणी दिसत नाही रे. आपल्याकडे लोक चुकतात. चुकलेल्या माणसाला कसं सांगायचं, ते तिला काय ठाऊक?"

आताच्या स्टेशनमास्तर एक तरतरीत बाई आहेत, जोडे वाजवत चालतात, सगळे त्यांना मास्तरबाई म्हणतात. त्या कार्यालयात भांडल्या. शेवटी एवढं मान्य झालं की एक तंत्रज्ञ एका दिवसासाठी येईल. संध्याकाळपर्यंत ठरलेली सगळी वाक्यं नीट भरली गेली, तर आमच्या तिन्ही स्टेशनांवर आत्याचा आवाज. एकही राहिलं, तर गुळाची बाई.

तो आला. सडपातळ, नम्र, गळ्यात कायम हेडफोन. जुन्या स्टेशनच्या सामानघरात त्यानं विश्रामगृहातल्या सगळ्या गाद्या भिंतींना उभ्या केल्या, दाराच्या काचेवरही बाहेरून एक लावली. आत एक माईक, एक दिवा, एक खुर्ची. आत्या ठेवणीतले कपडे घालून गेली होती. काकांनी पहाटे उठून गुळण्यांसाठी मिठाचं पाणी तयार ठेवलं होतं, गरम, झाकून.

"सुरू करा," तो म्हणाला.

आत्यानं केलं. आम्ही बाहेर दाराला कान लावून. आजी, बाबा, मी, हमालदादा. आतून जे आलं, ते ऐकून आजीनं माझ्याकडे बघितलं आणि मी आजीकडे. चौथीतलं पोर पाहुण्यांसमोर पाढे म्हणतं, तसं येत होतं ते. "खाऽडी कडे जाऽणारी गाडी. फलाऽट क्रमांक."

तंत्रज्ञानं तिला ते परत ऐकवलं.

"ही कोण?" आत्यानं विचारलं.

"तुम्हीच."

"छे. ही तर आजारी आहे."

"परत एकदा, प्लीज," तो म्हणाला. दुपारपर्यंत तो किती वेळा 'परत एकदा, प्लीज' म्हणाला, देव जाणे. एकदाही आवाज न चढवता. आत्याच कावली. गादीकडे तोंड करून बसली. "मला नाही जमायचं हे. गुळाच्या बाईलाच बोलवा."

आणि दाराच्या काचेवरची गादी घसरली.

कशी, ते कुणाला माहीत नाही. हमालदादा म्हणतो आपोआप. पण तो तिला टेकून उभा होता, हे मी पाहिलंय. गादी पडली तसा तो मागे सरला आणि हातगाडीवर धपकन बसला. काचेतून आत्याला तो दिसला. तिच्या तोंडून आपसूक निघालं, "ऐका हं. डोंगराकडे जाणारी गाडी फलाटावर येत आहे. घाई करू नका, सगळ्यांना जागा आहे."

तंत्रज्ञाचे डोळे वर झाले. "बाई, आता काय झालं?"

"काही नाही. माणूस दिसला."

त्यानं वळून काचेकडे बघितलं. मग त्यानं हेडफोन काढले आणि पहिल्यांदा हसला. "मग माणसं आणू या की. पण एक अट. बाहेर सुई पडलेलीही आत येते. कुणी आवाज करायचा नाही."

दुपारी जुन्या स्टेशनवर रुळांची देखभाल असते, तेव्हा गाड्या नसतात. फलाट रिकामा. मास्तरबाईंनी हातातलं काम टाकलं आणि जे दिसेल त्याला धरून आणलं. स्वतःचे वाजणारे जोडे काढून ठेवले. सगळ्यांनी काढले. आणि मग आमच्या गावच्या स्टेशनवर असं काही घडलं, जे कुठल्याच स्टेशनवर कधी घडलं नसेल. गर्दी झाली आणि आवाज झाला नाही.

बाबा रिकामी सुटकेस घेऊन मोजे घातलेल्या पायांनी धावत सुटले. फरशीवर घसरले, तोंड उघडलं, ओरडले नाहीत. हमालदादा त्यांच्याशी हमालीवरून बोटांनी भांडला. बाबा एक बोट दाखवायचे, तो अख्खा पंजा. सफाईवाल्या मावशी एका न दिसणाऱ्या पोराला शोधत फिरल्या. मास्तरबाई स्वतः पुलावरच्या काकू झाल्या, जिन्यावरून चार पायऱ्या उतरायच्या, परत चढायच्या, परत उतरायच्या. पण खरी परीक्षा चहावाल्याची. तो आयुष्यात कधी गप्प बसला नव्हता. त्यानं खांद्यावरचा टॉवेल तोंडात कोंबला आणि किटली उंच धरून फलाटभर फिरला, डोळ्यांनी ओरडत. मला कुणीतरी म्हणालं, तूही काहीतरी कर, पण आवाज काढू नकोस. मला! भोंगाआत्याच्या भाचीला! मी कोपऱ्यात जाऊन ओठ दाताखाली धरून उभी राहिले.

आत आत्या सुटली होती. वाक्यामागून वाक्य. डोंगराची गाडी, खाडीची गाडी, पिण्याचं पाणी कुठं, सामानघर कुठं, चाकाची खुर्ची कुणाकडे मागायची. काचेतून तिचे हात दिसत होते. ती बोलताना हातांनी माणसांना वाट दाखवते, हे मला पहिल्यांदाच कळलं.

आजीला बाकावर बसवलं होतं, चुकलेली प्रवासी म्हणून. पायाशी बोचकं. आत्यानं तिच्याकडे बघून म्हटलं, "ज्यांना नव्या स्टेशनवर जायचं होतं आणि जे जुन्या स्टेशनवर उभे आहेत, त्यांनी घाबरून जाऊ नये..." फलाटावर इतक्या लांब आम्हाला शब्द येत नव्हते, पण सगळ्यांना पाठ होते. ओठांवरून कळत होतं. 'चूक तुमची नाही' ला आजीनं पदर डोळ्यांना लावला. नंतर म्हणाली, कचरा गेला होता.

दिलेल्या कागदावर 'ऐका हं' नव्हतं. 'चूक तुमची नाही' हेही नव्हतं. तंत्रज्ञ मास्तरबाईंना म्हणाला, "कापायला हवं खरं तर. पण माझा हात नाही चालत. कुणी विचारलं तर सांगेन, कापलं की वाक्य मरतं."

मग एकच वाक्य उरलं, आणि आम्ही पुन्हा दाराशी जमलो. जोडगाडी उशिराने धावत आहे.

आत्यानं म्हटलं. तंत्रज्ञानं डोकं खाजवलं. "बाई, हे फारच गोड झालं. गाडीला उशीर झालाय, बारसं नाहीये."

पुन्हा म्हटलं. आणखी गोड. गुळाच्या बाईला लाजवेल असं.

"काय करू?" आत्या म्हणाली. "सकाळी गुळण्यांचं पाणी करून ठेवलं होतं हो त्यांनी. झाकून. राग येईना मला."

मास्तरबाई घड्याळाकडे बघायला लागल्या. संध्याकाळची पहिली गाडी यायची वेळ होत आली होती. ती आली की फलाट लोकांचा, मग कसली शांतता? आणि हे एक वाक्य राहिलं तर सगळंच गेलं. "नेमकं हेच अडावं ना," त्या पुटपुटल्या, "या वाक्याशिवाय आपलं स्टेशन चालतच नाही."

काका काम संपवून इथं येणार होते. काचेसमोर उभं राहायचं कबूल केलं होतं. आत्या म्हणाली, "ते आले की जमेल. त्यांना बघितलं की जमेल."

आम्ही वाट बघितली. बाबा दारापर्यंत जाऊन आले. हमालदादा कमानीपर्यंत जाऊन आला. काका नाहीत. आत्या काचेतून एकदा कमानीवरच्या घड्याळाकडे बघायची, एकदा फाटकाकडे. घड्याळाकडे. फाटकाकडे. तिच्या नाकाचा शेंडा हळूहळू लाल झाला. आजी माझ्या कानात म्हणाली, "आता." लांबून, डोंगराच्या बाजूनं, गाडीची शिट्टी अजून यायची होती.

आत्यानं माईककडे तोंडही वळवलं नाही. फाटकाकडे बघूनच म्हणाली, "ऐका हं. जोडगाडी उशिराने..." एक श्वास थांबली. "...धावत आहे."

तंत्रज्ञानं अंगठा वर केला. आणि त्याच क्षणी, पायात बूट, फरशीवर धाड धाड धाड, काका.

"आलो, आलो, आलो!"

"कुठं होतात?" आत्या सामानघरातून बाहेर आली होती.

"इथंच. खांबामागे."

"खांबामागे?"

"मुद्दाम. तुला राग यायला हवा होता ना."

हमालदादानं त्यांना खालून वरपर्यंत न्याहाळलं. "खांबामागे उभा होता, तर धापा कसल्या टाकतोय हा?"

याचं उत्तर काकांनी आजतागायत दिलेलं नाही. चहावाल्यानं तोंडातला टॉवेल काढला आणि दिवसभराचं साठलेलं एकदम बाहेर सोडलं. ते चालू असतानाच गाडीची शिट्टी आली.

आवाज ज्या सकाळी सुरू झाला, त्या सकाळी आत्याची सुट्टी होती. तरी ती जुन्या स्टेशनवर गेली, आणि मी तिच्याबरोबर. बाकावर बसली, पाय जोडून, प्रतीक्षालयातल्या बाईसारखी. भोंगा खरखरला आणि तिच्याच आवाजात म्हणाला, "ऐका हं." मी तिच्याकडे बघितलं. तिला तोंडाचं काय करावं ते कळत नव्हतं. हसायचं म्हणून सुरुवात केली, मग ओठ मिटले, मग पर्स उघडून आत काहीच शोधलं नाही.

शेजारी एक परगावच्या बाई होत्या. दोन बॅगा, एक झोपलेलं मूल, चेहऱ्यावर 'नवं कुठलं आणि जुनं कुठलं'. 'चूक तुमची नाही' ऐकून त्यांनी खांदे सैल सोडले.

"ही बाई इथलीच का हो?" त्यांनी विचारलं. "आमच्याकडे दुसरीच बोलते."

"इथलीच," आत्या म्हणाली.

"छान बोलते. घरचं कुणी सांगतंय असं वाटतं."

आत्या रुळांकडे बघत होती. तेवढ्यात भोंग्यातून जोडगाडीचं वाक्य आलं. मध्ये तो श्वास थांबला, आणि मग 'धावत आहे' आलं. त्या बाई हसल्या. "पण कुणावर तरी चिडलेली दिसते."

"असणार," आत्या म्हणाली. "माणूसच तसा असेल."

पिवळा पट्टा वळणावर दिसला. आत्यानं त्या बाईंची जड बॅग उचलली, काकांना खिडकीतून दिसेल अशी पुढे जाऊन उभी राहिली, आणि गाडी थांबायच्या आधीच कमरेवर हात ठेवला.